खडीची वाट आणि आमचे हे

१२ ऑक्टोबर, सोमवार

पहिल्याच दिवशी घोळ!

ठरलं काय होतं? मी जंगलातल्या खडीच्या वाटेने डोंगर उतरून लाकूडगोदामाच्या फाट्यावर यायचं. ह्याने डांबरी रस्त्याने गाडी आणून तिथे आधीच उभं राहायचं. पाणी, सुके कपडे, पंप, खायचं — सगळं गाडीत. मी आले तर फाट्यावर चिटपाखरू नाही! अंग घामाने ओलं, वरून बोचरा वारा. दात वाजायला लागले. शेवटी फोन लावला.

"अगं, मी फाट्यावरच उभा आहे."

कुठल्या फाट्यावर? तर पुढच्या! गोदामाची पाटी आमच्या दारापेक्षा मोठी आहे. पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं. तिच्यासमोरून हा माणूस गाडी घेऊन सरळ निघून गेला.

"पाटी दिसली नाही?"

"लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं म्हणे! चष्म्याचं दुकान आहे ह्याचं. सगळा जन्म लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात गेला. दिव्याखाली अंधार!

(समोर मी ‘अहो’ म्हणते. इथे ‘हा’ म्हणणार. वही माझी आहे.)

१३ ऑक्टोबर, मंगळवार

राग थोडा उतरलाय, तोवर नीट लिहून ठेवते.

आमच्या सायकल मंडळाची हिवाळ्यात मोठी फेरी असते. दरवर्षी तोच कालव्याकाठचा सपाट रस्ता. जायचं नाकासमोर, यायचं नाकासमोर, मधे वडाच्या झाडाखाली फोटो. मी उठून म्हटलं, यंदा तळ्यांच्या मुलखातून नेऊ या. चार तळी, मधे डोंगर, दाट झाडी, डांबर नावाला, बाकी सगळी खडी आणि मुरूम. अध्यक्ष हसले. (हेल्मेट असं घालतात की डोक्यावर मडकं उपडं घातल्यासारखं दिसतं. मी त्यांना मनात मडकंच म्हणते.) मडकं म्हणालं, "ताई, ह्या वयात झेपणार आहे का? आधी स्वतः करून दाखवा." आणि अटी घातल्या. सगळी वाट सायकलवरून सलग केलेली हवी, यंत्रात नोंदलेली हवी. आणि भेटीच्या प्रत्येक ठिकाणी गाडी पोचते हे गाडी नेऊनच दाखवायचं — कोणी पडलं-झडलं तर उचलून आणायला. ही अट रास्त आहे, नाही कशाला म्हणू? रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं त्यांच्याकडे गेलं पाहिजे. नाहीतर परत कालवा.

ह्या वयात! शाळेतली पोरं मैदानाला दोन फेऱ्या मारून लोळतात, तेव्हा त्यांची खेळाची बाई तिसरी मारत असते. विचारा म्हणावं.

गाडी कोण चालवणार हा प्रश्नच होता. तर हा आपणहून म्हणाला, "मी येतो. दुकान भाचा बघेल." आजवर माझ्या सायकलीला ‘तुझी ती सवत’ म्हणणारा माणूस! मी इतकी हरखले की नवीन टायरसुद्धा ह्यालाच निवडायला लावले. आता वाटतं, कुठून अवदसा आठवली. शेजारणीच्या भावाला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आज दुसरा टप्पा. पहिल्या तळ्याला वळसा घालून वर खिंडीत. वाट अशी की मन भरून यावं. चाकाखाली खडी कुरकुरते, डावीकडे झाडांच्या फटींतून पाणी चमकतं, आणि मैलोगणती माणूस नाही. खिंडीत हा वेळेवर होता. उभा आपला झाडाला टेकून. मी अगदी पुढ्यात आले तरी ढिम्म. मी "अहो!" म्हणून ओरडले तेव्हा दचकला.

"वळणावर आलीस की शिट्टी वाजवत जा ना," म्हणतो. "गळ्यात असतेच तुझ्या."

मी काय कुकर आहे?

१३ ऑक्टोबर, रात्री जेवणानंतर

एक राहिलंच. ह्या विश्रामगृहाच्या जेवणघरात शेजारच्या टेबलावर एक बाई असते. एकटीच. पिवळी शाल, केस पांढरे पण छान कापलेले, समोर पुस्तक. दिसायला बरी आहे, नाही म्हणत नाही. मी खिंडीतल्या उताराबद्दल जीव तोडून सांगतेय, आणि हा तिकडे बघतोय. माझ्या खांद्यावरून, सरळ तिच्याकडे. मी बोलायची थांबले तर म्हणतो, "पुढे? थांबलीस का?"

अजून सूप यायचं होतं. गिळलं कसंबसं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. वाट बंद. एक दिवस फुकट गेला. पावसाला शिव्या देता येत नाहीत म्हणून ह्याला दिल्या.

आजही तेच. पिवळी शाल.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली आहे. 

दुसऱ्या तळ्याच्या वरच्या अंगाला टोकदार खडी आहे. मागचं चाक चिरलं. ह्या टायरांना ट्यूब नसते, आत एक पांढरा चिकट द्रव असतो, तो भोक बुजवतो. कमी पडला तर बाटलीतून आणखी ओतायचा. साधं काम आहे. नशिबाने गाडी जवळच्याच भेटीच्या ठिकाणी होती. ढकलत नेली. सायकल उलटी टाकली, हात चिखलाने बरबटलेले, म्हटलं, "अहो, ती चिकाची बाटली द्या."

ह्याने दिली. मी न बघता ओतली.

साखळीचं तेल!

दोन्ही बाटल्या एवढ्याशाच, मान्य. पण एकीवर हे भलंमोठं चाक काढलंय, दुसरीवर साखळी! तान्ह्या पोराला कळेल! टायरमध्ये तेल! सगळा टायर काढून, साबणाच्या पाण्याने घासून, पुसून, वाळवून, परत चढवायचा. अर्धा दिवस तिथेच मातीत गेला. आणि हा बाजूला उभा. "मी घासू का? मी धरू का?" नको म्हटलं, तुम्ही फक्त लांब उभे राहा. तर खरंच लांब जाऊन उभा राहिला.

चूक झाली तर माणूस निदान समोर बघून सॉरी म्हणतो. हा माझ्या कानाकडे बघून सॉरी म्हणाला. हो, कानाकडे! हे मी बरेच दिवस बघतेय, म्हणजे इथे यायच्या आधीपासून. बोलताना डोळ्याला डोळा देत नाही. कधी कान, कधी खांदा, कधी माझ्या मागची भिंत. शाळेत पोरगं असं बघायला लागलं की मी ओळखते, काहीतरी लपवतंय.

काय लपवतोय हा?

लेकीला फोन केला. तिला सांगितलं सगळं, बाटलीचं, पाटीचं. (शालीचं नाही. लेकीला कसं सांगणार?) ती म्हणते, "आई, बाबांना जरा सांभाळून घे, त्यांना गाडीची सवय राहिली नाहीये." सगळे ह्याच्याच बाजूचे! मी आपली जगाची कजाग.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

भांडण झालं. चांगलं कडकडून झालं. म्हणजे मीच केलं, हा ऐकत होता.

सुरुवात कशावरून? मेसेजवरून. सकाळी मी त्याला आजची भेटीची ठिकाणं लिहून पाठवली. दोन ओळी. हा उत्तर बोलून पाठवतो. "अगं, जरा सांग ना कुठे यायचं ते." अहो लिहिलंय की! "तूच सांग. तू सांगितलेलं माझ्या लक्षात राहतं." नकाशा पुढे केला तर "तूच वाच." मी दिवसभर पॅडल मारायचं, संध्याकाळी नकाशा वाचायचा, आणि रात्री साहेबांना गोष्टही सांगायची! कारण हे एक रोजचं — "सांग, आज काय काय बघितलंस." आणि वरवरचं चालत नाही. पाण्याचा रंग कसा होता? हिरवा म्हणजे कसला हिरवा? झाडं पाण्यात दिसत होती का? त्या वळणावर काय होतं?

मी म्हटलं, "काय होतं? तुमचं डोकं होतं! दोन पावलं चालून जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीत बसून कंटाळा येतो म्हणून माझ्याकडून करमणूक नकोय. आणि गाडी तरी धड चालवा. बैलगाडी पुढे जाईल अशी चालवता. रस्त्याला कुत्रं नाही, तरी स्टिअरिंगला चिकटून बसता. तुमच्यामुळे माझी वाट बुडणार. त्या मडक्यापुढे माझं नाक कापलं जाणार. तुम्हाला यायचंच नव्हतं तर आलात कशाला?"

हा म्हणाला, "तुझं बरोबर आहे."

बस. एवढंच! भांडायलासुद्धा जोडीदार लागतो हो. भिंतीशी किती भांडणार?

मग मीही पुढे गेले. ते नारिंगी जाकीट — ह्यानेच आणलंय निघायच्या आधी, इतकं भडक की शाळेत घातलं तर पोरं रस्ता ओलांडायला थांबतील — ते काढलं आणि गाडीच्या डिकीत फेकलं. "हे तुमचं तुम्हालाच लखलाभ!" माझं जुनं करडं जाकीट चढवलं. हा काहीतरी म्हणणार होता, तोवर मी चालायला लागले. 

जेवायला गेलो. एका टेबलावर, समोरासमोर, तोंडाला कुलूप. आणि हा काय करतो? माझ्या डाव्या खांद्यापलीकडे टक लावून बसतो. तासभर! त्या बाईने एकदा वर बघितलं, जरा हसली. बिचारी भली असेल. पण मला त्या क्षणी बटाट्याचं भांडं कोणाच्या डोक्यात घालावं कळेना.

इतक्या वर्षांत हा आरोप मी कधी केला नाही. दुकानात दिवसभर बायकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचा तेव्हाही नाही. आणि आता ह्या वयात?

‘ह्या वयात’. बघ, मडक्याचे शब्द माझ्याच तोंडी आले.

१७ ऑक्टोबर, शनिवार

मी आज त्याच्यासमोरून निघून गेले. आणि मला वाईट वाटत नाहीये! आधी हे लिहून ठेवते.

तिसरं तळं लांबट आहे, डोंगरांच्या कुशीत अडकलेलं. काठाने वाट, एका बाजूला उंच झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी. टोकाला छोटं धरण आहे, त्याच्या सांडव्याजवळ भेटायचं ठरलं होतं. बुधवारच्या पावसाने सांडवा नुसता गर्जत होता, माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता. मी बाहेर आले तर हा वेळेवर! गाडी नीट कडेला लावलेली. स्वतः दगडावर बसलेला, तोंड माझ्या वाटेकडे. बघितल्यावर माझा राग, काय सांगू, निम्मा उतरला. म्हटलं, जाऊ दे, नवरा आहे, माझी वाट बघतोय. हात वर केला. चांगला उंच, लहान मुलीसारखा हलवला.

हा बघत राहिला. सरळ माझ्याकडे! आठवडाभर कानाकडे बघणारा माणूस आज नेमका डोळ्यात डोळा घालून बघत होता. पण हात नाही, हसू नाही, मान नाही. मख्ख!

मी आणखी जवळ गेले. तरी तसाच. म्हणजे कालचा राग धरून बसलाय. सगळ्या रानात आम्ही दोघंच आणि हा मला अनोळखी करतोय!

शिट्टी ओठांत होती. वाजवली नाही. म्हटलं, बरं! तुम्हाला ओळख नाही तर मलाही नाही. पॅडल मारलं आणि त्याच्या पुढ्यातून गेले. इतक्या जवळून की हात लांब केला असता तर टोपी काढता आली असती. मागे वळून बघितलं नाही. पाणी संपलेलं, खायला काही नाही, तरी उरलेली वाट एकटीने मारली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्याने. विश्रामगृहात येऊन तोंड धुतलं आणि बसले. आता बसू दे त्याला दगडावर.

दुपार गेली. फोन आला, उचलला नाही. परत आला, नाही उचलला. ऊन कलायला लागलं तेव्हा दर दोन मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून यायला लागले. मेले हे पाय माझ्या बाजूचे कधीच नसतात.

मग गाडी आली. आणि चालवतंय कोण? जंगलाच्या गेटवरचा रखवालदार! आमचे हे शेजारच्या सीटवर, मांडीवर माझं नारिंगी जाकीट. पुढचा बंपर आत गेलेला. गेट आडवं होतं, तरी हा थेट त्याच्यावर गेला!

"लागलं का कुठे?" हे मी विचारलं, हे वहीत नोंदवते. बायको आहे मी, वाघीण नाही.

"नाही. तू कुठे होतीस गं? मी संध्याकाळपर्यंत बसलो होतो. मग तुला शोधायला आत जावं म्हटलं."

मी कुठे होते! निर्लज्जपणाची कमाल आहे. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाला, "उद्या मी गाडी चालवणार नाही."

आता कळलं! चौथं तळं उद्या. शेवटचा दिवस. गाडी पोचली नाही तर नोंद अपुरी, मडकं जिंकलं, परत कालवा. ह्याने बरोबर मर्मावर बोट ठेवलं. एवढा शांत माणूस, पण सूड उगवायचा तर असा! मी सांगितलं, "मला तुमचं तोंड बघायचं नाही." तो म्हणाला, "हं." आणि बाकावर बसून राहिला.

रखवालदार जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, रागावू नका, पण काकांच्या हातात गाडी देऊ नका. गेट लाल-पांढरं आहे. वर दिवा आहे. मी कंदील हलवत होतो."

मी म्हटलं, "माझ्यावरच्या रागात घातली असेल."

 त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

१८ ऑक्टोबर, रविवार

चौथं तळं राहिलं. मडक्याला कळवलं, यंदा कालवाच काढा.

रखवालदाराचं लाल-पांढरं गेट रात्रभर डोक्यातून जाईना; सकाळी विचारलं, डोळ्यांना काय झालंय? त्यानेही सांगितलं, सरळ, दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो तसं. वर्षभर झालं. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं जातंय, कडेचं शाबूत आहे. ह्या दुखण्याला चष्मा नाही. "माझ्याकडे असता तर मीच नसता का लावला?" काल सांडव्यावर करड्या कपड्यातलं कोणीतरी गेलं, एवढं कळलं त्याला. तो नारिंगीची वाट बघत होता; सकाळी मी ते डिकीतून काढून परत घातलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

मी किंचाळले. असा गाडी चालवत होतास? स्वतः मेला असतास, कोणाचं लेकरू मारलं असतंस! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एकेरी. आठवडाभराचा सगळा राग कमी पडला इतकी ओरडले. किल्ली माझ्या खिशात आहे. आता ती कधीच परत मिळणार नाही त्याला, हे चांगलं खडसावून सांगितलंय.

मग म्हटलं, नजर आहे तोवर तळी बघून घ्यायची होती तर तसं सांगायचं होतं ना.

"तळी कोणाला बघायची होती?" म्हणाला. आणि मान थोडी वळवली, माझ्या खांद्यापलीकडे. "सरळ बघितलं की तू जातेस. जे बघायचं त्याच्या जरा बाजूला बघावं लागतं, मग ते दिसतं."

जेवणघरात रोज माझ्या मागे पिवळी शाल होती. तो माझ्याकडे बघत होता.